ओठांचा दोष की पॅडचा?

देवगड तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते:

‘माझ्याकडे जुना आल्टो सॅक्सोफोन आहे. मुंबईत बँडमध्ये वाजवणाऱ्या एका नातेवाइकाकडून घेतला. आंब्याचा सीझन संपला की वाजवायला बसतो. मधले सूर लागतात, पण आवाज पातळ, नाकातला. घरचे म्हणतात, पिपाणी वाजते. खालचे सी, बी आणि बी फ्लॅट नीट लागतच नाहीत. घरघरतात, नाहीतर उडी मारून वरच्या सप्तकात जातात. मधूनच किंचाळी निघते. वरचे सूर बाजाच्या पेटीपेक्षा चढे जातात. पावसात एक-दोन कळा चिकटून बसतात. आमच्या भजनी मंडळातले एक जाणकार म्हणाले, चार नंबरचं रीड लाव, ओठ आवळून धर, आवाज आपोआप भरदार होईल. तसं केलं तर दहा मिनिटांत ओठ सुजले. ऑनलाइन बारा हजारांचा मेटल माउथपीस बघून ठेवलाय, तो घेऊ का? गणपतीत आरतीला वाजवायची इच्छा आहे. आणखी एक, शेजारच्यांचा त्रास कमी करायला बेलमध्ये, म्हणजे पुढच्या कर्ण्यासारख्या तोंडात, टॉवेल कोंबला तर चालेल का?’

माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा तुकडा, आत्ता घेऊ नका. चार नंबरचं रीड, म्हणजे त्याच्यावर बसणारी पातळ पट्टी, आजच काढून ठेवा. आता सविस्तर.

तुमच्या पत्रात दोन दुखणी एकमेकांत मिसळली आहेत. खालचे सूर न लागणं आणि कळा चिकटणं हे बहुतेक वाद्याचं दुखणं. पातळ आवाज आणि चढे सूर हे बहुतेक तुमचं. पण त्यातलंही निम्मं तुम्हाला वाद्यानंच लावलेलं असणार. हवा गळणाऱ्या सॅक्सवर खालचा सूर काढायचा म्हणून माणूस नकळत जबडा आवळतो, दात रोवतो, जोरात फुंकतो. सूर तरीही लागत नाही, पण आवळायची सवय मात्र लागते आणि ती मग चांगल्या सुरांनाही सोडत नाही. म्हणून आधी सॅक्स तपासायचा, मग रीड, आणि ओठांकडे सगळ्यात शेवटी यायचं. तुमच्या जाणकारांनी बरोबर उलट्या टोकाकडून सुरुवात केली.

सॅक्स दिसतो पितळेचा, पण त्याचं गोत्र सनई-क्लॅरिनेटचं. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सनं 1846 मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं तेव्हापासून मूळ रचना तीच आहे: रीड थरथरतं, आणि नळीवरची भोकं पॅडनी, म्हणजे कळांखालच्या चामड्याच्या गाद्यांनी, उघडझाप करून सूर बदलतात. आल्टोवर वीसच्या वर भोकं असतात आणि खालच्या बी फ्लॅटला ती सगळीच्या सगळी बंद लागतात. त्यातलं एक जरी केसभर उघडं राहिलं, तरी तो सूर घरघरणार किंवा उडी मारणार. अशा वेळी कितीही चांगले ओठ असले तरी उपयोग नाही.

तर तपासणी. ऑक्टेव्ह की, म्हणजे सूर वरच्या सप्तकात नेणारी अंगठ्याची कळ, न दाबता मधल्या बीपासून खाली यायला लागा: बी, ए, जी, एफ, ई, डी, सी. एकदम हळू आवाजात. जोरात फुंकलं की छोटी गळती झाकली जाते, म्हणून हळूच वाजवायचं. ज्या सुरापाशी पहिल्यांदा जड वाटेल, आवाज फाटेल, तिथल्या किंवा त्याच्या जरा वरच्या पॅडवर संशय घ्या. तोच सूर बोटं कचकचून दाबल्यावर नीट लागला, तर चोर सापडलाच: पॅड भोकावर सपाट बसत नाहीये.

आता पहिला संशयित जी शार्प. जुन्या सॅक्समध्ये माझी पहिली नजर तिथेच जाते. ही की मुळात बंद असते आणि डाव्या करंगळीनं उघडते. पण खालचे सी शार्प, बी आणि बी फ्लॅट याच करंगळीच्या कळांवर आहेत, आणि बहुतेक सॅक्समध्ये त्या दाबल्या की जी शार्पची पट्टीही सोबत दबते. तेव्हा जी शार्पचा पॅड उघडू नये म्हणून उजव्या हाताच्या कळांच्या वरच्या बाजूला, एफ शार्पच्या दांड्यावर, एक बारीक स्क्रू त्याला वरून धरून ठेवतो. तो ढिला झाला की खालचे सूर गेलेच. खालचा डी वाजवत ठेवा आणि डाव्या करंगळीनं जी शार्प दाबा. सुरात काहीही फरक पडता कामा नये. पडला, तर हाच स्क्रू. खात्री हवी असेल तर खालचा बी फ्लॅट वाजवताना घरातल्या कुणाला तरी जी शार्पचा पॅड बोटानं हलकेच दाबून धरायला सांगा. सूर एकदम मोकळा झाला तर दुसरं काही शोधायला नको. घड्याळजीचा बारीक स्क्रूड्रायव्हर घ्यायचा आणि फेरीचा आठवा भाग फिरवून पुन्हा वाजवून बघायचं. अधाशीपणा करू नका. जास्त आवळला तर एफ शार्पचा पॅड अर्धवट उघडा राहतो आणि एफ, ई, डी सगळेच बिघडतात. त्याच्या शेजारचा दुसरा स्क्रू बी फ्लॅटच्या छोट्या पॅडचा असतो, त्याला विनाकारण हात लावू नका.

दुसरा संशयित नेकवरची, म्हणजे माउथपीस बसतो त्या वरच्या वाकड्या नळीवरची, ऑक्टेव्ह की. नेक बसवताना लोक ती कीच मुठीत धरून पिळतात आणि कडी वाकते. मग पॅड पूर्ण मिटत नाही आणि खालचे सूर उड्या मारतात. ऑक्टेव्हचा अंगठा दाबून ठेवा आणि जी व ए आलटून पालटून धरा. ए ला नेकचा पॅड उघडला पाहिजे, जी ला मिटला पाहिजे. जी धरलेला असताना अंगठा जोरजोरात दाबला तरी नेकचा पॅड हलता कामा नये. हलत असेल तर कडी वाकलेली आहे. ती सरळ करणं अवघड नाही, पण पहिल्यांदा कुणा माहितगाराला करताना बघा. पितळ वाकतं तसं तुटतंही.

हे दोन्ही ठीक निघाले तर रात्री दिवे घालवा. मखराला लावतो ती एलईडीची बारीक माळ घ्या, पण बॅटरीवरचीच, प्लगवाली नको. बेलमधून आणि वरून नळीत सोडा आणि एकेक पॅड हलकेच मिटवा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथे हवा गळते. एका बाजूलाच दिसली तर पॅड तिरका बसलाय. सगळीकडून दिसली, चामडं कडक झालंय, फाटलंय, तर पॅड बदलायचा. ते काम घरी करू नका. लाख किंवा हॉट ग्लू तापवून पॅड सपाट बसवणं ही हातातली कला आहे.

एवढं करूनही सगळं नीट निघालं आणि फक्त खालचा बी घरघरत राहिला, तर एक जुनी युक्ती आहे. माउथपीसची प्लॅस्टिकची टोपी बेलमध्ये टाकून बघा. जगभरचे वादक हे करतात. आतल्या हवेचा आकार जरा बदलतो आणि पुष्कळदा घरघर थांबते. इलाज म्हणून फार दिमाखदार नाही, पण आरतीपुरतं भागतं.

कळा चिकटण्याचं कारण आपली हवा. जी शार्प, खालचा सी शार्प, ई फ्लॅट हे पॅड एरवी मिटलेलेच असतात. वाजवून झाल्यावर आतली ओल तिथेच कोंडते आणि चामडं भोकाच्या कडेला चिकटतं. त्यात आपण वाजवायच्या आधी कोकम सरबत नाहीतर गोड चहा पितो. थुंकीबरोबर ती साखर पॅडपर्यंत जाते. म्हणून आधी साध्या पाण्यानं चूळ भरा. चिकटलेल्या पॅडखाली सिगारेटचा पातळ कागद ठेवून पॅड हलकेच मिटवा, सोडा, कागद जागा बदलून पुन्हा तेच. पॅड दाबून धरून कागद ओढू नका, चामडं सोलतं. टाल्कम पावडर लावायला सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. पावडर ओल धरते आणि महिन्याभरात लगदा होतो. वाजवून झाल्यावर नळीतून सुती कापड ओढायचं आणि सॅक्स लगेच पेटीत बंद न करता अर्धा तास घरातच, पंख्याखाली उघडा ठेवायचा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

खाऱ्या वाऱ्याचा दुसरा मार स्प्रिंगांवर. सुईसारख्या त्या बारीक स्प्रिंगा पोलादी असतात, गंजतात आणि ऐन मिरवणुकीत तुटतात. दांड्यांच्या सांध्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सुईच्या टोकानं लावा आणि जास्तीचं पुसून घ्या. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि धूळ धरतं. आणि घरातल्या कुणी हौसेनं समईबरोबर सॅक्सही चिंचेनं किंवा आमसुलानं घासायला घेतला तर वेळीच थांबवा. वरचं लॅकर जाईल आणि आंबट पाणी पॅडमध्ये मुरेल. किनाऱ्यावर वाजवायचा मोहही टाळा. वाऱ्यानं आवाज तर जातोच, वर सांध्यांत वाळू बसते.

आता रीड. नंबर म्हणजे फक्त कडकपणा, त्यात वरची-खालची पायरी काही नसते. शिकणाऱ्यानं साध्या माउथपीसवर दोन किंवा अडीच लावावं. चार नंबरचं रीड हलवायलाच एवढी ताकद लागते की ओठ चावल्याशिवाय ते वाजत नाही, आणि तुमच्या ओठांचं जे झालं ते त्यामुळेच. रीड माउथपीसवर बसवा, खालचं तोंड तळव्यानं बंद करा, वरून हवा ओढून घ्या आणि तोंडातून काढा. क्षणभर थांबून ‘टप्’ असा आवाज झाला तर रीड नीट बसलंय. लगेच सुटलं किंवा आवाजच नाही आला, तर रीड वाकडं आहे, नाहीतर माउथपीसची सपाट बाजू उंचसखल झाली आहे. रीडचं टोक माउथपीसच्या टोकाशी जुळवून लावा. वर गेलं तर किंचाळ्या, फार खाली आलं तर चिरका आवाज. पावसाळ्यात एकाच रीडवर राहू नका. तीन-चार रीडं आलटून पालटून वापरा, नाहीतर बुरशी येते. काळे ठिपके दिसलेलं रीड तोंडात घालू नये, सरळ फेकावं.

किंचाळीचं आणखी एक कारण पत्रावरून दिसणार नाही, पण ते इतकं नेहमीचं आहे की सांगतेच. डाव्या तळव्याजवळच्या वरच्या कळा आणि उजव्या हाताच्या बाजूच्या कळा नकळत तळव्यानं दाबल्या जातात. किंचाळी निघाली की आहात तसेच थांबा आणि हातांकडे बघा. गळ्यातला पट्टा लांब असेल तर मान वाकते, हात सॅक्स तोलायला धावतात आणि हे जास्त होतं. माउथपीस तोंडाशी यायला हवा. तोंडानं खाली वाकून त्याला शोधायचं नाही.

एवढं झाल्यावर ओठ. माउथपीस आणि रीड यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवा. ती जिथे अडते, साधारण तिथेच खालचा ओठ हवा. बहुतेक शिकाऊ याच्या अलीकडेच थांबतात, आणि पातळ, नाकातल्या आवाजाचं हे सर्वांत साधं कारण. खालचा ओठ दातांवर थोडासाच दुमडलेला, वरचे दात माउथपीसवर निवांत टेकलेले, ओठांचे कोपरे आत ओढलेले, ‘ऊ’ म्हणताना येतात तसे. हसरं तोंड नको. हसलं की ओठ ताणला जातो आणि जबडा वर येतो.

नुसता माउथपीस सॅक्सपासून काढून, रीड लावून वाजवा आणि फोनवरच्या ट्यूनरमध्ये बघा. आल्टोला पेटीच्या सफेद सहाच्या म्हणजे ए च्या आसपास यायला हवा, 880 हर्ट्झ. जॅझ वाजवणारे याच्या थोडे खाली राहतात. तुमचा बी किंवा सी येत असेल, तर तुम्ही चावता आहात. चढ्या सुरांचं मूळही तेच. मग नेकसकट वाजवा, काळी चारजवळ आला पाहिजे. आकडा चढा आला म्हणून ओठ एकदम सैल सोडायचे नाहीत. जबडा खाली, घसा मोकळा, हवा मात्र तेवढीच जोरकस. आवाज पहिले चार दिवस बेसूर आणि मोठा येईल. येऊ द्या.

मग रोजचा रियाज. फोनवर तानपुरा काळी पाचमध्ये लावा आणि सॅक्सवर मधला जी धरा. सॅक्सवरच्या सुराचं नाव आणि पेटीवरचा सूर एक नसतात: आल्टोचा जी म्हणजे पेटीची काळी पाच, म्हणजे तोच तुमचा सा. हळू सुरू करा, वाढवा, पुन्हा हळू आणा, सूर न हलवता. आवाज भरतो तो इथेच, भराभर गाणी वाजवून नाही. हे खोलीत, चिऱ्याच्या भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहून करा, म्हणजे आपलाच आवाज परत कानावर येतो. अंगणात आणि मिरवणुकीत ढोल-ताशांपुढे तो ऐकू येत नाही आणि माणूस नुसता जोर करत सुटतो.

खालचा बी फ्लॅट मोकळा झाला की पुढचं काम त्याच्यावरच. बोटं बी फ्लॅटचीच ठेवा, ऑक्टेव्ह की नको, ओठ आवळायचे नाहीत. नुसता घसा आणि जीभ हलवून वरचा बी फ्लॅट काढा, मग त्याच्यावरचा एफ, मग आणखी वरचा बी फ्लॅट. जीभ ‘आ’कडून ‘ई’कडे जाते तशी. आधी मनात तो सूर गायचा, मगच फुंकायचं. सुरुवातीला काहीच निघणार नाही. पण आवाज ओठांनी नाही, घशानं घडतो हे शरीराला कळायला यासारखा दुसरा रियाज मला माहीत नाही. आपल्याच किनाऱ्यावर, खाली मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ बघा. घरात नादस्वरम, म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्स ऐकला आणि त्याच वाद्यावर कर्नाटक संगीत उभं केलं. 2004 मध्ये पद्मश्री मिळाली. सुरातून सुरात ती घसरण, ती गमकं नुसत्या कळांवर निघत नाहीत. भजनाला सॅक्स शोभतो का, असं मंडळात कुणी विचारलं तर त्यांचं एखादं रेकॉर्डिंग लावा.

पेटीशी जुळवताना एवढं लक्षात ठेवा: सॅक्स पाच मिनिटं वाजवून गरम करा आणि मगच सूर बघा. गरम झाला की तो चढतो, पेटी मात्र जागची हलत नाही. चढा असेल तर माउथपीस कॉर्कवर थोडा बाहेर ओढा, उतरा असेल तर आत ढकला. पण चावून चढवलेला सूर माउथपीस बाहेर ओढून उतरवत बसलात, तर वरचं आणि खालचं सप्तक एकमेकांशी भांडायला लागेल. ऑक्टेव्हसकटचा मधला डी जरा कोंदट आणि चढा, आणि एकही बोट न लावता वाजणारा सी शार्प पोकळ, हा जवळजवळ प्रत्येक सॅक्सचा स्वभाव आहे. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. आरतीचा सा आधीच विचारून घ्या. बुवा काळी एकमध्ये गाणार असतील तर तुमचा सा बी फ्लॅटवर येईल, सफेद चारमध्ये गाणार असतील तर डी वर.

आता माउथपीस. मेटल माउथपीस आवाज टोकदार आणि मोठा करतो, भरदार नाही. चावायची सवय असलेल्या माणसाच्या तोंडी तो दिला तर पिपाणीची तुतारी होते, एवढंच. तुमच्या सॅक्सबरोबर आलेला माउथपीस टोकाशी चेपलेला किंवा झिजलेला असेल तर जरूर बदला, पण साधा घ्या. यामाहाचा फोर सी शिकाऊंसाठी जगभर वापरतात आणि तो बारा हजारांच्या पुष्कळ आत येतो. उरलेले पैसे पॅडवर घाला. टॉवेलाचा उपयोग नाही. सॅक्सचा आवाज बेलमधून मुख्यतः सगळ्यात खालच्या सुरांना येतो, बाकी बहुतेक वरच्या उघड्या भोकांतून. टॉवेलानं नेमके तुमचे खालचे सूरच बिघडतील. खिडकी लावा आणि दुपारी तीनच्या आत किंवा दिवेलागणीनंतर तासभर वाजवा.

दुरुस्तीला मुंबईला पाठवावा लागला तर कणकवलीहून तुतारी एक्स्प्रेसनं कुणी जाणारं शोधा, कुरिअर नको. नेक वेगळा काढून कापडात गुंडाळा आणि नळीच्या वरच्या तोंडाला बूच लावा, म्हणजे ऑक्टेव्हची कडी वाकत नाही. पेटीत काहीही सुटं ठेवू नका. सोबत चिठ्ठीत लिहा: कोणता सूर लागत नाही, कोणत्या पॅडपाशी उजेड दिसला, जी शार्प दाबल्यावर काय झालं. नुसतं ‘आवाज बरोबर नाही’ असं लिहिलंत तर सगळे पॅड बदलून बिल येईल. आणि पाठवायचाच असेल तर या आठवड्यात पाठवा. गणपतीच्या तोंडावर सगळ्या बँडवाल्यांची वाद्यं एकदमच दुरुस्तीला येतात.